यादवीतला शिपाई चित्ररथावर उभा करताना: नव्या मंडळांसाठी

वैशाखातली शिवजयंती जवळ आली की गल्लीतली नवी पोरं वही घेऊन दारात येतात. "काका, यंदा कुठला देखावा?" बेळगावची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या एकामागून एक सरकत राहतात, रस्त्याच्या दोन्ही कडांना बायकापोरं पहाटेपर्यंत बसून असतात. राज्याभिषेक, अफजलखान, आग्र्याहून सुटका हे देखावे लोकांना आवडतात आणि आवडावेतच. पण त्या सगळ्यांत शिपाई मागच्या रांगेत भाला धरून उभा असतो. त्याला तोंडच नसतं. तो काय खायचा, कुठं झोपायचा, पगार कधी मिळायचा, हे कुणी दाखवत नाही.

म्हणून मी नव्या मंडळांना एकच सुचवतो: शिपायाचा एक दिवस उभा करा. आणि तो शक्यतो १७०७ च्या यादवीतला घ्या. परक्या शत्रूशी लढणारा मावळा सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याच माणसांसमोर उभं राहायची पाळी आलेला शिपाई कुणाला ठाऊक नाही. पैसा फार लागत नाही, मेहनत मात्र लागते. कसं करायचं ते क्रमानं सांगतो.

पहिलं काम: भांडण नीट समजून घ्या

यादवी हा शब्द महाभारतातल्या यादवांवरून आला. द्वारकेचे यादव आपापसात लढून संपले, तेव्हापासून घरातल्या युद्धाला हे नाव.

मार्च १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरला वारला. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू लहानपणापासून मोगलांच्या कैदेत होते. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा उत्तरेकडं निघाला आणि वाटेत त्यानं शाहूंना सोडून दिलं. इकडं शाहूंचे चुलते राजाराम महाराज यांच्या पश्चात त्यांच्या राणी ताराबाईंनी सात वर्षं औरंगजेबाला दाद न देता राज्य राखलं होतं. त्यांनी शाहूंचा हक्क मानला नाही. आलेला माणूस तोतया आहे, असं सांगितलं गेलं आणि सरदारांकडून दूधभाताची शपथ घेतली गेली. दुसऱ्या बाजूला परसोजी भोसले शाहूंच्या ताटात जेवले आणि हे खरे शाहूच असल्याची साक्ष त्यांनी अशी दिली, असं सांगतात. १२ ऑक्टोबर १७०७ ला भीमेकाठी खेडजवळ दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. हे खेड म्हणजे आजचं राजगुरुनगर. ताराबाईंच्या बाजूनं परशुरामपंत प्रतिनिधी आणि सेनापती धनाजी जाधव होते. पुढं पेशवे झालेल्या बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनं धनाजींचं मन आधीच वळलं होतं, ते शाहूंना मिळाले आणि लढाईचा निकाल लागला. जानेवारी १७०८ मध्ये शाहूंचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला. पुढं पन्हाळा-कोल्हापूरची गादी वेगळी झाली, आणि १७३१ च्या वारणेच्या तहानं वारणा नदी ही दोन राज्यांची हद्द ठरली.

हा शेवटचा भाग तुमच्या निवेदनात यायलाच हवा, कारण आपला मुलूख त्या हद्दीच्या दक्षिणेकडचा. चिकोडी आणि मनोळी हे तालुके पुढं कितीतरी वर्षं कोल्हापूरकर, पेशवे आणि पटवर्धन यांच्या ओढाताणीत होते. साताऱ्या-कोल्हापूरचं भांडण आपल्या शिवारापर्यंत आलं होतं, हे लोकांना सांगा.

एक अट मी प्रत्येक मंडळाला घालतो. ताराबाई खलनायिका नकोत आणि शाहू भाबडे नकोत. दोन्ही बाजू छत्रपतींच्याच घरातल्या. ज्याला एक बाजू काळी रंगवायची आहे त्यानं दुसरा प्रसंग निवडावा.

लढाई नको, आदली संध्याकाळ घ्या

ट्रॉलीवर लढाई कधीच नीट दिसत नाही. दहा पोरं लाकडी तलवारी आपटतात, एखाद्याचा हात सोलतो, लोक पुढच्या चित्ररथाकडं बघू लागतात. आदल्या संध्याकाळचा तळ घ्या. पावसाळा नुकताच सरलेला, भीमेच्या काठावर अजून चिखल, बाजरी कापणीला आलेली, दसरा-दिवाळीच्या आगेमागेचे दिवस. मराठी फौजेची जुनी रीत अशी की पावसाळ्याचे चार महिने छावणी आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून आठ महिने मुलुखगिरी. तेव्हा नेहमीच्या वर्षी हाच शिपाई याच दिवसांत परमुलखात जायला निघाला असता. यंदा त्याला आपल्याच मुलखात, आपल्याच माणसांवर चालून जायचंय. निवेदकानं एवढं एक वाक्य बोललं तरी लोक गप्प होतात, हे मी पाहिलंय.

माणसं ठरवा

शिवकाळात पायदळात दहा माणसांवर नाईक आणि पाच नाईकांवर हवालदार असे. घोडदळात पंचवीस घोड्यांवर एक हवालदार, आणि त्या पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी पाणी द्यायला, एक नालबंद नाल ठोकायला. पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजारींवर पंचहजारी. १७०७ पर्यंत ही घडी ढिली झाली होती. राजाराम महाराजांच्या काळापासून सरदार आपापल्या पथकांच्या जोरावर लढत, आणि शिपाई राजापेक्षा सरदाराला जास्त ओळखत असे. धनाजींचं मन फिरलं तसं त्यांच्यामागच्या शेकडो घोड्यांची दिशा फिरली. शिपायाला कुणी विचारलं नसणार.

ट्रॉलीवर बारा-तेरा माणसं पुरतात. त्यात बारगीर आणि शिलेदार दोन्ही ठेवा. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. लढाईत घोडा मेला तर बारगिराला दुसरा मिळायची आशा, शिलेदाराची मात्र पुंजीच गेली. या एका फरकावर अख्खा संवाद उभा राहतो. शिवाय एक नालबंद, एक पखालजी, हिशेबाचं दफ्तर मांडीवर घेतलेला कारकून, आणि धान्याचे बैल हाकणारा एक वंजारी. वंजाऱ्यांच्या तांड्यांशिवाय फौज चार दिवसही पुढं सरकली नसती, तरी चित्ररथावर तो कधी दिसत नाही. बाकी नुसते उभे राहणारे नकोत. देखाव्यात खोगीरभरती केली की लोकांचं लक्ष उडतं.

कपडे: सगळा जीव घोंगडीत

भाड्याचे मखमली, जरीचे पोशाख परत पाठवून द्या. ते दरबाराचे. मोहिमेवरच्या शिपायाच्या अंगावर जाडंभरडं सुती बाराबंदी किंवा आखूड अंगरखा, चोळणा, कमरेला करकचून बांधलेला शेला, डोक्याला मुंडासं आणि खांद्यावर घोंगडी. कापड कोऱ्या मांजरपाटाचं घ्या, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा, गुडघ्याला आणि कोपराला माती चोळा. पायात आपल्या अथणी-निपाणीकडची हातानं शिवलेली चामडी पायतानं चालतील. नवी असतील तर आठवडाभर घालून फिरा, पायालाही सवय होईल.

घोंगडी मात्र खरी हवी. धनगराच्या घरची, हातमागावर विणलेली काळी घोंगडी. मोहिमेवर जड तंबू सरदारांना. साध्या शिपायाला घोंगडी हेच अंथरूण, पांघरूण, पावसातली खोळ आणि वेळ पडली तर घोड्याच्या पाठीवरची गादी. ती भिजली की दुप्पट जड होते आणि तिला मेंढराचा वास सुटतो. पोरांना तालमीआधी एकदा भिजलेली घोंगडी खांद्यावर घेऊन येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढायला लावा. खाली उतरल्यावर त्यांचं चालणं आपोआप बदललेलं असतं, अभिनय शिकवावा लागत नाही.

एका वर्षी आमच्या मंडळानं खर्च वाचवायला कागदाच्या लगद्याची भांडी, थर्माकोलच्या भाकऱ्या आणि रंगवलेल्या गोणपाटाच्या घोंगड्या केल्या. मिरवणूक सुरू होऊन तासभर झाला आणि वळीव कोसळला. गोणपाटाचा काळा रंग पोरांच्या अंगावरून ओघळला, भाकऱ्या तरंगत ट्रॉलीच्या कडेला गेल्या. एका आजीनं आपल्या पदरानं माझ्या पुतण्याचं तोंड पुसलं. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, आणि तेव्हापासून ट्रॉलीवर जे दिसतं ते खरंच असलं पाहिजे असा नेम केला.

घोडा दाखवू नका, घोड्याचं सामान दाखवा

गर्दीत, दिव्यांत आणि वाजंत्र्यांत जिवंत घोडा ट्रॉलीवर चढवणं म्हणजे त्या मुक्या जिवाचे हाल. घोडा ट्रॉलीच्या मागं, अंधारात आहे असं समजा आणि त्याचं सामान पुढं मांडा. जमिनीत ठोकलेल्या मेखा, अगाडी-पिछाडीचे दोर, खोगीर, तंग, लगाम, खरारा, तोबरा. तोबऱ्यात भिजवलेले हरभरे किंवा हुलगे घाला. घोड्याच्या या दाण्याला चंदी म्हणतात. शिपाई उपाशी असला तरी आधी चंदी घोड्याला, मग भाकरी स्वतःला. माणूस एक दिवस पोटाला चिमटा घेऊन चालेल, घोडा बसला तर स्वारच संपला.

इथं शिवाजी महाराजांचं एक पत्र निवेदनात घ्या. चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना त्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर लिहिलेलं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा एवढा मोठा राजा गवताच्या गंजीचा इतका बारीक विचार करतो, याचंच नवल वाटलं. आशय असा: साठवलेला दाणा आणि वैरण आताच उधळलीत तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल. मग तुम्ही रयतेकडं जाल, कुणी दाणे आणील, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा, कुणी भाजी. जी कुणबी घर धरून राहिली आहेत तीही निघून जातील, आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असं त्यांना वाटेल. गंजीजवळ चूल पेटवू नका, चिलीम ओढू नका. रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळी पागा जळेल.

हे पत्र एखाद्या पोक्त नाईकाच्या तोंडी घाला: "आमच्या बापाच्या टायमाला थोरल्या महाराजांचा असा हुकूम होता." असं लिहिलंत तर 'टायमाला' तेवढं काढा, 'वक्ताला' घाला. तरुण शिपाई काहीच बोलत नाही, कारण तो नुकताच जवळच्या वाडीतून कडब्याचा भारा घेऊन आलाय. यादवीत दोन्ही फौजांचं पोट एकाच मुलखावर. आज एकानं नेलेल्या कडब्याच्या जागी उद्या दुसरा येऊन मोकळी गंज बघणार. त्या कडब्याचा धनी म्हणून ट्रॉलीच्या कोपऱ्यात एक म्हातारा कुणबी उकिडवा बसवा. त्याला एकही वाक्य देऊ नका.

चूल आणि भाकरी

तीन दगडांची चूल, वर लोखंडी तवा. ट्रॉलीवर जाळ अजिबात करायचा नाही, राखेखाली तांबडा छोटा दिवा लावा. भाकऱ्या मात्र खऱ्या, गल्लीतल्या आयांनी दुपारी भाजून दिलेल्या. भाकरी बाजरीची किंवा जोंधळ्याची, सोबत कांदा, मीठ, गूळ. कूच चालू असताना चूल पेटवायला वेळ नसे, तेव्हा कमरेच्या शेल्यात बांधलेले भाजके हरभरे आणि लाह्या. एका पोरानं भाकरीचे दोन तुकडे करावेत, अर्धी खावी आणि अर्धी फडक्यात बांधून शेल्यात खोचावी. उद्याची. मिरवणुकीत हे बघून पहिल्या रांगेतली माणसं "अगं बघ, ठेवली त्यानं" असं म्हणतात.

बटाटा, टोमॅटो, चहाची किटली, काडेपेटी, स्टीलचा तांब्या यांतलं काहीही दिसता कामा नये. जाळ करायला गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि कापूस. पाण्याला चामड्याची पखाल. ती मिळाली नाही तर मातीचा डेरा ठेवा.

पगाराचं बोलणं

हे बहुतेक लोक टाळतात, आणि शिपायाच्या दिवसातला मोठा भाग तर हाच. शिलेदाराला घोडा सांभाळायला आगाऊ रक्कम मिळे ती नालबंदी. पोटापुरता हातखर्च तो रोजमुरा. पुरा पगार अनेकदा महिनोन् महिने तटून राही, आणि मग शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरून बसत. लढाईत पडलेल्याच्या पोरांना मिळे ती बालपरवेशी. आता यादवीत विचार करा: ज्या गादीसाठी मेला तीच हरली, तर बालपरवेशी कुणी द्यायची? कारकुनाच्या दफ्तरासमोर बसलेल्या शिपायानं एवढाच प्रश्न विचारावा आणि कारकुनानं वही मिटावी.

पलीकडचा तळ

सगळ्यात जास्त तालीम या भागाची करा. ट्रॉलीच्या दुसऱ्या टोकाला नदीपलीकडचा तळ दाखवायचा. तिथंही भगवंच निशाण, तशीच घोंगडी, तशीच चूल, तीच भाकरी. मध्ये निळ्या कापडाची भीमा. उद्या दोन्हीकडून आरोळी एकच उठणार, हर हर महादेव. गावं तीच, सोयरीक तीच. आपल्याला हे समजायला इतिहास वाचावा लागत नाही. बेळगाव-खानापूरच्या कुठल्याही घरात विचारा, बहीण चंदगडला दिलेली असते, आत्या गडहिंग्लजला. त्या काळी वारणेच्या दोन्ही काठांवर असंच होतं.

संवाद मोजका ठेवा. आमचा असा असतो. आपल्या बोलीत लिहा, पुस्तकी नको.

"मामा, पलीकडं आमचं दाजी हाईत."
"असू देत. नीज जा."
"निजतो. खरं उद्या गर्दीत वळखायचं कसं? निशाण एकच."
नाईक बराच वेळ चूल फुंकतो. मग म्हणतो, "वळखू आलं तर हात आवर. न्हाई आलं तर देवाची मर्जी."

त्यानंतर पलीकडच्या तळावरून कुणीतरी जात्यावरची ओवी गुणगुणतो आणि अलीकडचा तरुण दुसरी ओळ पुरी करतो. ओवी आपल्या आजीकडून घ्या, गल्लीगल्लीत अजून मिळतात. नाईकाचं काम हौशी नटाला देऊ नका. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून आहे, आणि आपल्या गावांत निवृत्त सुभेदार-हवालदार सहज भेटतात. त्यांच्यापैकी कुणाला तरी विनंती करा. आमच्या देखाव्यात एक निवृत्त हवालदार नाईक व्हायचे. चूल फुंकायच्या जागी ते जेवढे थांबायचे, तेवढं थांबायला मी कुणाला शिकवू शकलो नसतो.

रात्र, पहारा, दुखणं

थोडक्यात घ्या. रात्री तळाभोवती फिरणारा पहारा म्हणजे छबिना. जत्रेत देवाचा छबिना निघतो तो शब्द हाच. तोड्याच्या बंदुकीची जामगी, म्हणजे बार उडवायची वात, धुमसत असते आणि तिचा लाल ठिपका अंधारात लांबून दिसतो, म्हणून पहारेकरी ती तळहाताआड झाकतो. तळहाताआड बारीक लाल दिवा धरला की काम झालं. एक जण हिवतापानं कुडकुडत पडलेला दाखवा. तळावर ताप आणि हगवण हत्याराइतकेच जीव घेत.

तालीम आणि मिरवणुकीची रात्र

देखावा अडीच-तीन मिनिटांच्या वर नेऊ नका. मागचा चित्ररथ खोळंबतो आणि लोकही उठतात. निवेदन ध्वनिमुद्रित करून घ्या, संवाद मात्र तोंडी बोला आणि पुढं एकच नगारा ठेवा. तुमच्या पुढं-मागं मोठे आवाज असतीलच, म्हणून चौकात थांबल्यावर नगाऱ्याचे तीन ठोके आणि मग शांतता. लोक शांततेकडं वळून बघतात. ट्रॉलीवर कन्नडमध्येही पाटी लावा, बघणाऱ्यांत आपले कन्नड शेजारी भरपूर असतात. फौजेला त्यांच्याकडं 'दंडू' म्हणतात, तो शब्द मोठ्या अक्षरांत असू द्या.

पोरांना दर दोन तासांनी पाणी आणि खायला द्या. लहान मुलं बाराच्या आत उतरवा. हत्यारं लाकडाची, टोकं बोथट. विजेच्या तारा कुठं खाली आल्यात ते आदल्या दिवशी मार्गावर चालत जाऊन बघा आणि निशाणाची काठी तेवढी आखूड करा.

पहाटे ट्रॉली रिकामी करताना भाकऱ्या टाकायच्या नाहीत, मोजून वाटून खायच्या. घोंगड्या त्याच दिवशी उन्हात घाला, ओल्या गुंडाळल्या तर कसर लागते, आणि धनगराच्या घरी परत द्यायला ज्यानं घोंगडी पांघरली होती त्या पोरालाच पाठवा.